रद्द झालेली भाषणं आणि आपण

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यात आले तसेच शब्द ठेवले आहेत. सनावळ्या आणि आकडे छापण्याआधी पुन्हा तपासून घेतले.)



मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटदाराकडं माल उतरवतो, आणि रात्री जमेल तशी कविता लिहितो. अमेरिकेतल्या विद्यापीठातलं विज्ञान, तिथली विविधता आणि तिथलं भाषणस्वातंत्र्य यावर मी बोलणार म्हटल्यावर आपलीच दोन पोरं हसली. म्हणाली, तुझा काय संबंध? संबंध आहे. तो सांगायलाच उभा राहिलोय.

गेल्या वर्षी शहरातल्या एका कॉलेजात एका प्राध्यापकाचं व्याख्यान होतं. विषय, आरक्षण आणि संशोधनाचा दर्जा. काय बोलणार हे आपल्याला पाठ होतं. आपण पंधरा-वीसजण गेलो. मीही होतो, सगळ्यात पुढं. त्यानं तोंड उघडायच्या आत आपण घोषणा सुरू केल्या. वीस मिनिटांत हॉल रिकामा. आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात आपली वासलेली तोंडं. खाली लिहिलं होतं, आरक्षणसमर्थकांनी व्याख्यान उधळलं.

त्या हॉलमध्ये आपल्याच वस्तीतली एक पोरगी बसली होती. फिजिक्समध्ये एमेस्सी करतेय. दोन रात्री जागून तिनं तीन प्रश्न लिहून आणले होते, आकड्यांसकट. बाहेर जिन्यात मला गाठलं आणि म्हणाली, "दादा, त्याचं काही बिघडलं नाही. तो उद्या दुसरीकडं बोलेल. तोंड माझं बंद केलंत तुम्ही."

दोस्तांनो, मला उत्तर सुचलं नाही. नंतर तिच्याकडूनच कागद आणले, वाचले, जिथं अडलं तिथं तिलाच विचारलं. आज बोलतोय ते त्यातलं आहे.

तर पहिली गोष्ट. डोरियन ॲबट नावाचा गोरा शास्त्रज्ञ आहे. शिकागो विद्यापीठात भूभौतिकी शिकवतो. हवामान, दुसऱ्या ग्रहांवर जीव राहू शकेल का, असं त्याचं काम. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं एका सहकाऱ्याबरोबर न्यूजवीकमध्ये लेख लिहिला. म्हणणं असं की विद्यापीठांत विविधतेच्या नावानं जे चाललंय त्यात माणसाला माणूस म्हणून न बघता गटाचा नग म्हणून बघतात; ते बंद करा, गुणवत्तेवर घ्या. वर जर्मनीचा दाखला दिला, की तिथंही वंशाच्या वेडानं विद्यापीठं बुडाली. काळ्यांना चार जागा द्या म्हणणाऱ्यांना हिटलरच्या शेजारी नेऊन बसवलं. माझं डोकं तिथंच फिरलं. पण त्याच लेखात त्यानं आणखी एक म्हटलं होतं, की बापजाद्यांच्या आणि खेळाच्या वशिल्यानं मिळणारे प्रवेशही बंद करा, त्याचा फायदा गोऱ्यांनाच होतो. हेही सांगतो, कारण विरोधकाचं अर्धंच वाक्य सांगणं ही त्यांची सवय आहे. आपली नको.

त्याच वर्षी एमआयटीनं त्याला मानाच्या जाहीर व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय हवामानाचा. आरक्षणाचा नव्हे. लेखावरून ओरड झाली. तिथल्या काही विद्यार्थ्यांचं आणि प्राध्यापकांचं म्हणणं, हे व्याख्यान शाळेतल्या पोरांनाही विज्ञानाकडं ओढायला असतं. काळी पोरं समोर बसणार, आणि मान या माणसाला? विभागानं व्याख्यान रद्द केलं. म्हणाले, पाहिजे तर विभागातल्या लोकांपुढं तुझं संशोधन सांग. मग काय झालं? प्रिन्स्टनच्या एका प्राध्यापकानं तेच व्याख्यान त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, ऑनलाइन ठेवलं. हजारो लोकांनी नावं नोंदवली. हवामानावरच्या व्याख्यानाला एरवी एवढी गर्दी कुठली? आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, एमआयटीच्या प्राध्यापकांनी भाषणस्वातंत्र्याचं निवेदन मंजूर केलं. म्हणजे ॲबटचा आवाज एका दारातून घालवला, तो दहा खिडक्यांतून आत आला. जिन्यातली पोरगी हेच सांगत होती.

आता दुसरी गोष्ट. तुम्हांला पाठ आहे, पण आज या बाजूनं बघा.

१९३६ साल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचा अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण लिहून तयार. मंडळानं मसुदा वाचला आणि त्यांना घाम फुटला. शास्त्रांवरचा हल्ला गाळा, हिंदू म्हणून हे शेवटचं भाषण असं म्हणू नका. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द. जात मोडायला निघालेल्या सुधारकांनी जातीवरचं सगळ्यात मोठं भाषण रद्द केलं! बाबासाहेबांनी ते पदरच्या पैशानं छापलं. १५०० प्रती. दोन महिन्यांत संपल्या.

इथं थांबू नका, खरी गंमत पुढं आहे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्या भाषणावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधींची टीका स्वतःच्या पुस्तकात छापली. अख्खी. आणि त्याच्यामागं आपलं उत्तर. ज्याला व्यासपीठ नाकारलं त्यानं विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा दिली. हे औदार्य नव्हतं. आपल्या उत्तरावर त्यांचा भरवसा होता. भरवसा असलेल्या माणसाला हॉल बंद पाडावा लागत नाही.

पण म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. भाषणस्वातंत्र्याचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांना मला एक विचारायचंय. रद्द झालेलं भाषण जगाला दिसतं. जे भाषण कधी ठरलंच नाही, त्याचं काय? ज्याला बोलावलंच नाही, त्याचं व्याख्यान कोण रद्द करणार?

पर्सी ज्युलियन नावाचा काळा रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. गुलामांचा नातू. १८९९ चा जन्म. हार्वर्डमधून एम.ए. झाला, पण पुढचा रस्ता तिथं बंद होता. डॉक्टरेट करायला व्हिएन्नाला जावं लागलं. १९३५ साली त्यानं काचबिंदूच्या औषधात वापरायचे ते द्रव्य, फायसोस्टिग्मीन, प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. ज्या डीपॉ विद्यापीठात हे काम केलं, त्याच विद्यापीठानं त्याला प्राध्यापकाची जागा दिली नाही. कातडीमुळं. शेवटी रंगाच्या कंपनीत गेला. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तर घरावर बॉम्ब फेकला. देशाच्या विज्ञान अकादमीत त्याला घेतलं १९७३ साली, मरायच्या दोन वर्षं आधी. गुणवत्ता कमी पडली होती काय? गुणवत्ता होती, खुर्ची नव्हती. आणि खुर्ची नसेल तर माइकही नाही.

आपल्याकडं कशाला लांब जायचं? १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. आणि सहकारी प्रोफेसरांचा आक्षेप कशावर? त्यांच्या पाण्याच्या माठाला हा हात लावतो. अर्थशास्त्रावर हवं ते बोल बाबा, माठाला शिवू नको.

आता मेरिट. हा शब्द ऐकला की मला माझा पणजा आठवतो.

माझा पणजा याच गोदीत होता. १९४८ चा गोदी कामगार कायदा व्हायच्या आधी. घरात सांगतात, पहाटे गेटाबाहेर पाचशे माणूस उभा राहायचा. टोळीवाला यायचा आणि बोट दाखवायचा, तू, तू, तू. विचारलं तर म्हणायचा, दणकट गडी बघून घेतो. हे त्याचं मेरिट. आणि निवडलेल्यांत त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याला दस्तुरी देणारा दणकटच असायचा! माझा पणजा दोन मणाचं पोतं एकट्यानं उचलायचा, तरी आठवड्यातले चार दिवस परत घरी. कायदा झाला, रजिस्टर आलं, पाळीपाळीनं काम मिळायला लागलं. तेव्हा टोळीवाले बोंबलले असणार, दर्जा घसरला म्हणून. माझ्या आज्याचं नाव त्या रजिस्टरवर होतं म्हणून माझा बाप शाळेत गेला. आज मी पुन्हा कंत्राटावर. रजिस्टर गेलं, बोट परत आलं.

अमेरिकेतला टोळीवाला बघा. हार्वर्डवर खटला चालला, त्यात आकडे बाहेर पडले. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या पोरांत ४३ टक्क्यांहून जास्त पोरं खेळाडू म्हणून निवडलेली, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची, देणगीदार-बड्यांच्या खास यादीतली. काळ्या पोरांत हाच वाटा १६ टक्क्यांच्या आत. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, वंश बघून प्रवेश देणं बंद. बापाच्या नावानं मिळणारा प्रवेश त्या निकालानं बंद केला नाही. लगेच परिणाम दिसला. एमआयटीच्या नव्या वर्गात आधीच्या काही वर्षांत सरासरी १३ टक्के काळी पोरं असायची. २०२४ मध्ये ५ टक्के. एक साधी गोष्ट इथं सांगायला पाहिजे. एमआयटी बापाच्या नावानं प्रवेश देत नाही, आणि आशियाई पोरांचा वाटा तिथं वाढला. म्हणजे प्रश्न नुसत्या वशिल्याचा नाही. बारावीपर्यंत कोणाला कसली शाळा मिळाली, त्याचाही आहे. वशिला काढला तरी खालची शाळा तशीच राहिली, तर गाळणीतून वरचेच गळणार.

इथवर तुम्ही माना डोलावताय. आता डोलावणार नाही ते बोलतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी काय केलं? खालची शाळा सुधारली नाही. फॉर्म काढला. नोकरीला अर्ज करताना एक कागद लिहून द्यायचा, मी विविधतेसाठी काय केलं, काय करणार. बर्कलीत २०१८-१९ मध्ये जीवशास्त्राच्या जागांसाठी ८९३ पात्र अर्ज आले. नुसता तो कागद वाचून २१४ ठेवले, बाकीचे बाहेर. संशोधन बघितलंसुद्धा नाही. डेव्हिसच्या गणित विभागप्रमुख बाई, अबिगेल थॉम्पसन, यांनी २०१९ मध्ये लिहिलं, की १९५० साली याच कॅलिफोर्निया विद्यापीठात कम्युनिस्टविरोधी शपथ घ्यायला लावायचे, न घेणाऱ्यांना काढलं, तसलाच हा प्रकार आहे. त्यांच्यावर गिल्ला झाला. मे २०२४ मध्ये एमआयटीनं हा कागद मागणंच बंद केलं.

आपण काय म्हणायचं? आपल्यातले काही म्हणतील, तो कागद आपल्या बाजूचा होता. मला नाही पटत. असला कागद झकास कोण लिहितो? ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे तो. समतेची भाषा त्याला आपल्यापेक्षा चांगली येते. आपल्या पोराला तो फॉर्म भरतानाच घाम फुटेल. आपल्याला कोणाच्या मनात काय आहे याची हमी नको. पुरवठा पाहिजे. स्कॉलरशिप वेळेवर पाहिजे, वसतिगृहात खाट पाहिजे, प्रयोगशाळेची चावी पाहिजे, जागा भरलेली पाहिजे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेले. सयाजीरावांनी निवेदन दिलं नव्हतं, पैसे दिले होते.

आता तिसरी गोष्ट, सगळ्यात कडू. विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल. तुमच्या खिशातला मोबाइल त्या शोधावर उभा आहे. हाच माणूस पुढं काळ्यांची अक्कल जन्मतः कमी असं सांगत फिरायला लागला. कमी बुद्ध्यांकाच्या लोकांना पैसे देऊन नसबंदी करा, इथपर्यंत. १९७४ साली येल विद्यापीठात त्याचा वाद ठेवला होता. विद्यार्थ्यांनी ओरडून बंद पाडला. त्यातून येलनं समिती नेमली आणि भाषणस्वातंत्र्याचा जो अहवाल आला, तो अजून लोक दाखवतात. शॉकलीच्या विषारी विज्ञानाचं काय झालं, ते त्या गोंधळात मागं पडलं.

त्याच साली दुसरीकडं काय झालं? टेलिव्हिजनवर काळ्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमात शॉकलीसमोर एक काळी बाई बसली. डॉ. फ्रान्सिस क्रेस वेल्सिंग, मनोविकारतज्ज्ञ. तिचे स्वतःचे सिद्धांत मला पटत नाहीत, तेही कातडीवरच उभे आहेत. पण ती त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसली, आणि देशातल्या काळ्या माणसानं घरात बसून ते बघितलं. ज्याला तुम्ही कमअक्कल म्हणता ती बाई तुमच्यासमोर बसून वाद घालतेय, हाच पुरावा होता.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, आमच्या माणूसपणावर आम्ही वाद का घालायचा? खरंय. दर वेळी अपमान गिळून पुरावा द्यायचा, हे ओझं आपल्याच पाठीवर का? याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. अंगावर येणाऱ्याला, नाव घेऊन धमकी देणाऱ्याला, वस्ती पेटवा म्हणणाऱ्याला माइक द्या असं मी म्हणत नाही. त्याला कायदा आहे, आणि आपण आहोत. पण आरक्षण नको म्हणणारा आणि वस्ती पेटवा म्हणणारा, यांत फरक करायला आपण शिकलो नाही, तर उद्या ते आपल्यात आणि दंगलखोरात फरक करणार नाहीत.

आणि बंदी घालायची सवय लागली की बंदी कोणाच्या हातात जाते ते बघा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा आला. पहिल्या दोन दिवसांत हुकूम, सरकारातले विविधतेचे कार्यक्रम बंद. मग तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं संशोधनाच्या प्रकल्पांतून शब्द शोधून प्रकल्प वेगळे काढले, आणि एप्रिलपासून विविधतेच्या नावाखाली येणारी अनुदानं रद्द व्हायला लागली. काल जे भाषणस्वातंत्र्य म्हणून गळा काढत होते, त्यांतले काही प्रामाणिक निघाले, याच्याविरुद्धही बोलले. बाकीचे टाळ्या वाजवत होते. शब्दाला बंदी घालायचं हत्यार आपण घडवलं तरी ते शेवटी सरकारच्याच हातात जातं. आणि सरकार कोणाचं असतं ते गोदीत उभं राहून बघा.

आपल्याही लोकांवर ते चाललंय. एप्रिल २०२२ मध्ये गूगल कंपनीत थेनमोळी सौंदरराजन या दलित कार्यकर्तीचं जातीवर भाषण ठरलं होतं. कंपनीतल्याच काही कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या, आमच्या जिवाला धोका म्हणून. जातीवरच्या भाषणानं सवर्णांच्या जिवाला धोका! भाषण रद्द. आयोजन करणाऱ्या बाईंनी पुढं नोकरी सोडली. बघा, 'आम्हांला असुरक्षित वाटतं' ही भाषा पीडितांनी बनवली, आणि ती सवर्णांनी उचलून आपल्याच तोंडावर मारली. ॲबटचं भाषण आपल्याला माहीत झालं. हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत होतं? हात वर करा. बघा.

शेवटचं सांगतो, गोदीतलं. दोन वर्षं झाली. क्रेननं लोखंडाची कॉइल उतरवत होतो. एका बदली पोरानं सुपरवायझरला सांगितलं, सायेब, स्लिंगच्या वायरचे तार सुटलेत. सुपरवायझर म्हणाला, तू इंजिनेर झाला काय रे? तिसऱ्या फेरीला वायर तुटली. आमच्यातल्या एकाचा पाय घोट्यापासून गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं, कोणीही आधी तक्रार केली नव्हती.

त्या पोराच्या बोलण्यावर बंदी नव्हती. तो बोललाच होता. पण तो बदली होता, त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. म्हणून नुसतं भाषणस्वातंत्र्य पुरत नाही. आणि समजा त्याला परमनंट केलं, युनिफॉर्म दिला, आणि सांगितलं की वायरबद्दल बोलायचं नाही, तर ती नोकरीही आमचा पाय वाचवत नाही. म्हणून नुसती जागा मिळूनही पुरत नाही. विज्ञान म्हणजे मला तरी एवढंच कळतं, की वायर तुटलीय हे ज्याला दिसलं त्यानं सांगावं, आणि ते कोणी सांगितलं याची जात न बघता वायर तपासावी. जागाही पाहिजे आणि जीभही पाहिजे. यातलं एक घ्या, दुसरं सोडा, असं जो सांगतो तो टोळीवाला.

पुढच्या महिन्यात तो प्राध्यापक पुन्हा येतोय. त्याच कॉलेजात. काल बैठकीत अर्ध्या पोरांचं म्हणणं पडलं, परत उधळू. माझं म्हणणं मांडतो, मग ठरवा. आपण सगळे जाऊ. आधी जाऊ, पुढच्या रांगा भरू. त्याला शेवटपर्यंत बोलू देऊ. दातओठ खाऊ, पण बोलू देऊ. मग ती पोरगी उठेल. तिला बोलू दिलं नाही, माइक बंद केला, वेळ संपली म्हणाले, तर मात्र हॉल सोडायचा नाही. तिचे तिन्ही प्रश्न होईपर्यंत एकही माणूस खुर्चीवरून उठणार नाही. आणि त्याचं भाषण, तिचे प्रश्न, त्याची उत्तरं, सगळं आपल्या अंकात छापू. त्याचं बोलणंही, अख्खं.

वही तिच्याकडं तयार आहे. मी परवा विचारलं. म्हणाली, "दादा, तीनाचे पाच झालेत."

जय भीम.